बोडोनीच्या बारीक रेघा छपाईत गळतात, त्याचं काय करायचं

लक्षण एकच. स्क्रीनवर पत्रिका राजेशाही दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन ॲडव्हान्स देऊन जातं, आणि माल हातात पडला की फोन येतो, "अक्षरं तुटल्यात की ओ!" बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा, लग्नसराईत ही तक्रार ठरलेली. फॉन्ट बहुतेक वेळा बोडोनी, डिडो नाहीतर प्लेफेअर डिस्प्ले असतो. दोष मात्र मशिनला लागतो, कागदाला लागतो, नाहीतर प्रेसमधल्या पोऱ्याला.

आधी नेमकं काय गळतं ते बघू. या जातीच्या इंग्रजी अक्षरांत जाड रेघ भरपूर जाड आणि बारीक रेघ जेमतेम दिसेल इतकी, मधली पायरीच नाही. कुठली रेघ बारीक हेही ठरलेलं. कॅपिटल एचचे दोन्ही खांब जाड, मधला आडवा दुवा बारीक. एनचे दोन्ही खांब बारीक आणि तिरपा दांडा जाड. ईचे तिन्ही हात बारीक, ए या अक्षराचा डावा पाय बारीक. आता नवरीचं नाव नेहा (NEHA) असेल तर ही चारही अक्षरं ओळीनं येतात. बारीक रेघा गेल्या की उरतो एक तिरपा दांडा, तीन उभे खांब आणि पुन्हा एक तिरपा दांडा. पत्रिका वाचणाऱ्यानं नाव ओळखायचं कसं?

यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे बोल्ड करणे. तो करू नका. या घराण्यात बोल्ड केल्यावर जाड रेघ आणखी जाड होते, बारीक रेघ जवळजवळ आहे तेवढीच राहते. उपाशी माणसाला फेटा बांधून उभं केल्यातला प्रकार आहे हा. वर अक्षराच्या पोटातली मोकळी जागा कमी होते ती वेगळीच. दुसरा आवडता उपाय म्हणजे नाव ओळीत बसत नाही म्हणून अक्षर दोन्ही बाजूंनी दाबणे. त्यानं जाड खांब बारीक होतात, आडव्या रेघा होत्या तशाच राहतात, आणि ज्या ऐटीसाठी हा फॉन्ट घेतला ती ऐटच जाते. जागा कमी असेल तर पॉइंट (अक्षराचं माप) कमी करा किंवा कंडेन्स्ड म्हणून मुळातच आखलेला फॉन्ट घ्या.

मूळ दुखणं कुठलं?

ही अक्षरं कागदाच्या जोरावर जन्माला आली. अठराव्या शतकाच्या मध्यावर बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलनं गुळगुळीत कागद, जास्त काळी शाई आणि छापलेली पानं गरम पत्र्यांत दाबून काढायची पद्धत असा सगळा थाट जमवला. नाजूक रेघ कागदावर टिकू शकते हे दिसल्यावर पॅरिसच्या डिडो घराण्यानं आणि इटलीत पार्माच्या जांबात्तिस्ता बोडोनीनं जाड-बारीकमधलं अंतर टोकाला नेलं. बोडोनी १८१३ मध्ये गेला. त्याच्या टाइपांचा नमुनाग्रंथ पुढे १८१८ मध्ये त्याच्या पत्नीनं छापून पुरा केला.

यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या काळात प्रत्येक मापाचा टाइप वेगळा कोरला जायचा. ८ पॉइंटचा खिळा म्हणजे ४८ पॉइंटच्या खिळ्याची लहान नक्कल नव्हे. लहान मापात कोरणारा बारीक रेघ मुद्दाम जरा दणकट ठेवायचा, अक्षर किंचित रुंद करायचा. शिवाय खिळा कागदावर दाबला की शाई कडेनं थोडी फाकते आणि रेघ आपोआप भरते. जुन्या पुस्तकातला बोडोनी आजच्यापेक्षा धट्टाकट्टा दिसतो तो या दोन्हींमुळे. कॉम्प्युटरवर आला तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच रेखाटन घेतलं गेलं, तेही मोठ्या मापाचं, आणि तेच ६ पॉइंटपासून ६०० पॉइंटपर्यंत ताणायची सोय झाली. पत्रिकेच्या तळाला मंगल कार्यालयाचा पत्ता ९ पॉइंट बोडोनीत लावणारा माणूस शीर्षकासाठी आखलेलं अक्षर तळटिपेत वापरत असतो.

हे ओळखून काहींनी मापवार रेखाटनं केली. हार्पर्स बाझार मासिकासाठी जोनाथन होफ्लर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिडो आखला तो सात वेगवेगळ्या मापांसाठी. आयटीसी बोडोनी १९९४ मध्ये आला तो ६, १२ आणि ७२ अशा तीन मापांत. फुकटात हवा असेल तर गूगल फॉन्ट्सवरचा बोडोनी मोडा घ्या. त्यात ६ ते ९६ पॉइंटपर्यंत ऑप्टिकल साइझ, म्हणजे मापानुसार रेखाटन, सरकवता येते. कोरल ड्रॉ २०२० पासून पुढच्या आवृत्तीत असा व्हेरिएबल फॉन्ट चालतो. आपल्याकडे अजून कितीतरी टेबलांवर जुनं कोरल ठाण मांडून बसलंय, त्यांनी मापवार सुट्या फाइली बसवून घ्याव्यात. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यानंच मिटतात: नवरा-नवरीची नावं मोठ्या मापाच्या रेखाटनात, बाकी इंग्रजी मजकूर ११ पॉइंटच्या आसपासच्या रेखाटनात. वाचणाऱ्याला दोन वेगळे फॉन्ट वाटत नाहीत, एकाच घरातले वाटतात.

रेघ मोजायची रीत

अंदाजानं बोलण्यात अर्थ नाही. कोरलमध्ये १००० पॉइंटला कॅपिटल एच टाइप करा, कर्व्ह करा (अक्षराची रेखाकृती करा) आणि मधल्या आडव्या रेघेची जाडी पॉइंटमध्ये मोजा. समजा २० आली. आता पत्रिकेत जे माप वापरायचंय त्यानं गुणा आणि १००० नं भागा. १० पॉइंटला ही रेघ ०.२ पॉइंट, म्हणजे ०.०७ मिलिमीटर होते. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे त्या रेघेच्या वाट्याला धड दोन ठिपकेही येत नाहीत, आणि अक्षर जागेवर कसं पडतं त्याप्रमाणे कधी दोन येतात तर कधी एक. एकाच ओळीतला एक ई नीट आणि दुसरा तुटका दिसतो त्याचं हेच कारण. तीच रेघ ७२ पॉइंटला अर्धा मिलिमीटर भरते, तिथे कसलीच अडचण नाही.

कुठल्या छपाईला किती रेघ लागते याचे कामचलाऊ आकडे मी असे धरतो. आर्ट पेपरवर ऑफसेटला एका शाईत पाव पॉइंट. मॅपलिथो किंवा खरखरीत कागदावर त्याहून थोडी जास्त. गडद पार्श्वभूमीतून पांढरं अक्षर काढायचं असेल तर अर्धा पॉइंट, आणि पार्श्वभूमी चार शाईंची असेल तर पाऊण पॉइंटच्या खाली उतरू नये. स्क्रीन प्रिंटिंगला अर्धा ते पाऊण. फॉइलला किमान अर्धा. तुमच्या प्रेसची सवय वेगळी असेल तर आकडा त्यांच्याकडून घ्या. छापणाऱ्याला आपल्या मशिनचा पोत नेमका ठाऊक असतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

रेघ थोडक्यात कमी पडत असेल आणि फॉन्ट बदलायला गिऱ्हाईक तयार नसेल तर त्याच रंगाची आउटलाइन द्या. ०.१५ पॉइंटची आउटलाइन दिली तर निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते, म्हणजे प्रत्येक रेघ दोन्ही कडा मिळून ०.१५ नं वाढते. जाड खांबाला ते कळतही नाही, बारीक रेघेला मात्र जवळपास दुप्पट बळ येतं. आउटलाइन पेनमधला स्केल विथ ऑब्जेक्टचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर मागून मजकूर लहान करताना आउटलाइन तेवढीच राहते आणि ईच्या पोटात शाई बसते. यापुढे जाऊन अर्ध्या पॉइंटची आउटलाइन देणाऱ्यानं सरळ दुसरा फॉन्ट घ्यावा.

फाइल बरोबर, तरी तुटतंय

माप जुळतंय आणि तरीही छापून तुटकं येतंय असं असेल, तर रेघ नक्की कुठल्या टप्प्यावर गेली ते शोधा. बहुतेकांचा पहिला पुरावा पीडीएफ असतो, आणि तो फसवा असतो. ॲक्रोबॅटमध्ये एन्हान्स थिन लाइन्स नावाची सोय मुळातच चालू असते. कर्व्ह केलेलं नाजूक अक्षर ती स्क्रीनवर जाड करून दाखवते. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती बंद करा आणि मग बघा.

दुसरं, फाइल कशी पाठवली? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून जेपीजी पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो आणि सगळ्यात आधी बारीक रेघाच धूसर होतात. गिऱ्हाइकानं "हेच छापा" म्हणून तीच जेपीजी परत पाठवली आणि ती प्लेटला गेली, असं राजरोस घडतं. पीडीएफ पाठवा, तीही डॉक्युमेंट म्हणून.

तिसरं आणि सगळ्यात जास्त त्रास देणारं म्हणजे काळा रंग. पत्रिका आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांच्या पॅलेटमध्ये रंगवली असेल तर तिथला काळा छपाईच्या रंगांत बदलताना चार शाईंचा होतो: थोडा सायन, थोडा मॅजेंटा, थोडा पिवळा आणि काळा. चार प्लेटांची अक्षरं एकमेकांवर तंतोतंत बसली तर ठीक. कागद जरा हलला, की ०.०७ मिलिमीटरची रेघ एकावर एक बसण्याऐवजी शेजारी शेजारी चार फिक्या रेघा होऊन पसरते. आपल्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं. खानापूरच्या बाजूला तर हवेतलं पाणी महिनोन्‌महिने हटत नाही. कागद ओल पितो आणि मुख्यतः तंतूंना आडव्या दिशेनं फुगतो, मग पहिला रंग आणि चौथा रंग जुळवताना मशिनमनच्या नाकी नऊ येतात. म्हणून गणपती मंडळाच्या अहवालात हा दोष लग्नपत्रिकेपेक्षा जास्त दिसतो. उपाय सोपा: मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगावरच छापलेला. ॲक्रोबॅट प्रो असेल तर आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी शाई बंद करून बघा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर फाइल निर्दोष, फिका का होईना पण दिसत राहिला तर दुरुस्त करायला परत पाठवा.

रंगीत अक्षराचीही गोम आहे. कुठलीच शाई पूर्ण नसलेला रंग ठिपक्यांत छापला जातो. १५० लाइन स्क्रीनला, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी धरल्या तर, दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.१७ मिलिमीटर येतं. रेघ त्याहून बारीक असेल तर ती रेघ राहातच नाही, ठिपक्यांची तुटक माळ होते. मरून हवा असेल तर मॅजेंटा आणि पिवळा १०० ठेवून त्यात काळा मिसळा, निदान दोन शाया रेघेची कड धरून ठेवतात. चार शाईंतून बनवलेला 'सोनेरी' मात्र या अक्षरांना कधीच देऊ नका. तो खाकी दिसतो आणि वर तुटतो. सोनं हवं तर सोनेरी शाई किंवा फॉइल.

फॉइलचं गणित उलटंही फिरतं. तिथे बारीक रेघ तुटते तशी बारीक फट भरूनही येते. डायचा (साच्याचा) दाब आणि उष्णता वाढवली की रेघ पूर्ण उमटते पण लहान ईचा डोळा सोन्यानं बुजतो, कमी केली की डोळा उघडा राहतो पण रेघ जागोजाग सुटते. दोन्ही सांभाळणारी जागा मॅट लॅमिनेशनच्या सपाट पृष्ठभागावर सापडते, उठावदार पोताच्या कागदावर सापडत नाही. कुंद्याच्या (बेळगावच्या मिठाईच्या) बॉक्सवर दुकानाचं नाव फॉइलमध्ये घ्यायचं असेल तर या अक्षराइतकं शोभणारं दुसरं नाही, पण २४ पॉइंटच्या वर, आणि फक्त नाव. घटक पदार्थ, वजन, पॅकिंगची तारीख हे सगळं साध्या एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये. डुप्लेक्स बोर्डावर ६ पॉइंटचा बोडोनी वाचताना भिंग लागतं.

वर्तमानपत्राच्या जाहिरातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, त्यामुळे पांढऱ्यावर काळी रेघ उलट थोडी सावरते. काळ्या पट्टीतली पांढरी रेघ मात्र बुडते. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात काळ्या पट्टीतच लागते, तेव्हा काय ते समजा.

शेजारी मराठी आणि कन्नड आलं की

बेळगावात नुसती इंग्रजी पत्रिका क्वचितच होते. एका पानावर देवनागरी, इंग्रजी आणि पुष्कळदा कन्नडही असतं. इथे तुटण्याच्या जोडीला विजोडपणाची तक्रार येते: "इंग्रजी पुसट आणि मराठी अंगावर येतंय."

कारण देवनागरीतलं जाड-बारीक वेगळ्या जागी असतं. बोरूचं टोक देवनागरीसाठी रोमन लेखणीच्या उलट बाजूनं तिरपं कापतात. त्यामुळे आडवी शिरोरेघ आणि उभा दंड दोन्ही भरीव राहतात, आणि नाजूकपणा उरतो तो जोडांत, जिथे वळण दंडाला येऊन मिळतं तिथे. बोडोनीत मात्र आडवी रेघ म्हणजे बारीकच. हे जुळवण्यासाठी काही जण शिरोरेघच बारीक असलेली देवनागरी घेतात. मला ती पटत नाही. शिरोरेघ गेली की मराठी शब्द एकसंध दिसत नाही, अक्षरं सुटी सुटी लटकतात, आणि छपाईत ती रेघ तुटली तर इंग्रजीपेक्षा वाईट दिसतं.

मोठ्या शीर्षकाला इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन बघा. देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत आणि जाड-बारीकमधलं अंतर भरपूर आहे. मात्र तो एकाच, जाडजूड वजनात येतो, म्हणून 'शुभविवाह' एवढ्यापुरता ठेवा, आमंत्रणाच्या मजकुराला लावू नका. मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी चांगला. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श त्यात आपसूक येतात, सेटिंग शोधत बसावं लागत नाही. त्याला बोल्ड नाही, आणि पत्रिकेला ते बरंच आहे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी आपल्या यादीतला मध्यम जाडीचा, ठळक शिरोरेघेचा फॉन्ट निवडून इंग्रजीचा पॉइंट एखाद-दोननं वाढवावा. तीन लिप्यांचा पॉइंट सारखा ठेवला म्हणजे त्या सारख्या दिसतात हा समज सोडून द्या. प्रिंट काढून हात लांब करून, डोळे किंचित मिटून बघा. जी लिपी काळी दिसते तिचा आकार किंवा वजन उतरवा.

कन्नड गोल वळणाची, आणि आपल्याकडे वापरात असलेल्या बहुतेक फॉन्टमध्ये रेघेची जाडी जवळपास सारखीच. ती बोडोनीशी भांडत नाही, फक्त त्याच्याहून काळी दिसते. तिची खरी गरज जागेची आहे. जोडाक्षरातला दुसरा भाग अक्षराच्या खाली बसतो, त्याला ओळींमध्ये अंतर लागतं. मराठीच्या हिशेबानं ओळी जवळ घेतल्या की कन्नडची खालची अक्षरं पुढच्या ओळीत घुसतात.

दुकानाचा बोर्ड

पत्रिका हातात धरून वाचतात, बोर्ड रस्त्याच्या पलीकडून. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नडला, तोही वरचा. ज्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं त्याला उरलेल्या ४० टक्क्यांत दोघांना बसवावं लागतं. ३ फूट उंचीच्या बोर्डात ही जागा सुमारे १४ इंच होते. वरखाली मोकळी जागा सोडली तर इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची ४ इंच, म्हणजे १०० मिलिमीटर मिळते. वरच्याच १००० च्या मोजणीत अक्षराची उंची ७०० एकक आणि रेघ २० एकक धरली तर बारीक रेघ जेमतेम ३ मिलिमीटर. नजर तपासण्याचा नेहमीचा निकष, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, लावला तर ३ मिलिमीटरचा तपशील १० मीटरपर्यंत नीट कळतो. खडेबाजारातल्या अरुंद रस्त्यावर तेवढं चालून जाईल. कॉलेज रोडवर गाडीवरून जाणाऱ्याला नुसते खांब दिसतील.

बोर्ड बनवणाऱ्याचीही अडचण ऐका. कटिंग प्लॉटरवर स्टिकर कापला तर नको असलेला भाग सोलताना अशी रेघ सोबत उचलून येते, आणि चिकटलीच तरी उन्हापावसात पहिली कड तीच सोडते. आतून उजळणाऱ्या अक्षरांत तर एलईडी बसवायला रेघेला पोट लागतं, ते इथे नाहीच. म्हणून दागिन्यांच्या किंवा साड्यांच्या दुकानाला हीच ऐट हवी असेल तर इंग्रजी नाव मागून प्रकाश सोडलेल्या सपाट पत्र्यात कापून घ्या. अक्षर लहान मापाच्या, म्हणजे ६ ते ११ पॉइंटच्या रेखाटनातलं घ्या. लहान मापाचं रेखाटन सगळ्यात मोठ्या बोर्डावर वापरायचं हे ऐकायला उलटं वाटतं, पण लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात अक्षर लहानच असतं. त्यातली बारीक रेघ मोठ्या मापाच्या रेखाटनापेक्षा बरीच जाड असते, आणि अक्षरांतली अंतरंही मोकळी असतात.

ऑर्डर पक्की करण्याआधी नावातलं एक अक्षर, शक्यतो ई किंवा एच, खऱ्या मापात कागदावर काढून शटरवर चिकटवा आणि मालकाला समोरच्या फुटपाथवर उभं करा. आडवी रेघ त्याला तिथून दिसली नाही तर तो स्वतःच म्हणतो, जरा जाड करा.